‘पाद्री’ शब्दाची कुळकथा

शिरूर अनंतपाळ, निलंगा, उदगीर या टापूंतल्या एखाद्या खेड्यांत कॅथॉलिक धर्मगुरु गेले म्हणजे त्यांस हांक मारण्याचे तीन प्रकार ऐकूं येतात. शाळेंत जाणारीं मुलें ‘फादर’ म्हणतात. ज्या घरांत एके काळीं उर्दूचा राबता होता, तेथील म्हातारीं माणसें ‘पाद्रीसाहेब’ म्हणतात. आणि ज्यांस या दोहोंपैकीं कांहींच ठाऊक नाहीं, ते सरळ ‘बाबा’ म्हणून मोकळे होतात. या तीन हांका तीन निरनिराळ्या वाटांनीं येथवर आल्या. परंतु तिहींचा मूळ अर्थ एकच आहे, आणि तो म्हणजे ‘बाप’.

महोत्सवाच्या स्मरणिकेंत इमारतींचा व देणग्यांचा वृत्तांत यावयाचाच. तो अधिकारी मंडळींनीं लिहावा. प्रस्तुत लेखाचा विषय ही एक हांक एवढाच आहे. कारण तिजबद्दल दोन प्रश्न आम्हांस वारंवार विचारले जातात. पहिला हिंदु स्नेह्यांचा: तुम्ही मराठी बोलतां, मराठींत प्रार्थना करितां, मग आपल्या गुरूस परभाषेंतील नांवानें कां हांक मारितां? दुसरा प्रॉटेस्टंट बंधूंचा, आणि तो अधिक अवघड: मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायांत प्रभूनें पृथ्वीवर कोणासहि पिता म्हणण्याची मनाई केली असतां, तुम्ही प्रत्येक धर्मगुरूस ‘फादर’ म्हणतां तें कसें? दोहोंचींहि उत्तरें या शब्दाच्या इतिहासांत सांपडतात, म्हणून तो जरा विस्तारानें सांगतों.

पहिल्या प्रश्नाचें अर्धें उत्तर लवकर देतां येतें. लॅटिन ‘पातेर’, ग्रीक ‘पतेर’, जर्मन ‘फाटर’, इंग्रजी ‘फादर’ आणि संस्कृत ‘पितृ’ हे एकाच घराण्यांतले शब्द आहेत, हें भाषाशास्त्रज्ञांनीं केव्हांच सिद्ध केलें आहे. लॅटिन ‘पातेर’पासून पोर्तुगीज ‘पाद्रे’ झाला, आणि त्याचा आपल्याकडे ‘पाद्री’. तेव्हां पितृपक्षांत आपले शेजारी ज्या शब्दानें पूर्वजांस आठवतात, त्याचाच हा समुद्रापलीकडे वाढलेला भाऊबंद होय. भाऊबंद दूरचा खरा, पण परका म्हणतां येणार नाहीं.

आतां धर्मपदवीकडे वळूं. आरंभींच्या ख्रिस्तसभेंत धर्मगुरूस ‘बाप’ ही पदवी नव्हती. नव्या करारांत मंडळीच्या कारभाऱ्यांचीं दोन ग्रीक नांवें येतात. एक ‘एपिस्कोपोस’, म्हणजे देखरेख करणारा. दुसरें ‘प्रेस्बितेरोस’, म्हणजे वयानें मोठा, वडीलधारा. हीं नांवें कामाचीं व मानाचीं आहेत, नात्याचीं नव्हत. पहिल्यापासून पोर्तुगीज ‘बिश्पु’, स्पॅनिश ‘ओबिस्पो’, जर्मन ‘बिशोफ’ व इंग्रजी ‘बिशप’ निघाले. फ्रेंचांनीं त्याचेंच ‘एव्हेक’ करून मूळ ओळखूंच येणार नाहीं अशी अवस्था केली. दुसऱ्यापासून इंग्रजी ‘प्रीस्ट’, जर्मन ‘प्रीस्टर’, इटालियन ‘प्रेते’. म्हणजे इंग्रज मनुष्य ‘प्रीस्ट’ म्हणतो तेव्हां नकळत ‘म्हातारबुवा’ म्हणत असतो. मग समोरचा धर्मगुरु पंचविशींतला कां असेना.

बापाची हांक आली ती वाळवंटांतून. चौथ्या शतकांत ईजिप्त व सीरिया या देशांतील अरण्यांत तपस्वी राहूं लागले. त्यांच्यापाशीं उपदेशास येणारे तरुण त्यांस ‘अब्बा’ म्हणत. हा आरामी भाषेंतला घरगुती शब्द. गेथशेमनी बागेंत प्रार्थना करितांना प्रभूनें तोच उच्चारिला असें मार्कानें लिहून ठेविलें आहे. आपल्याकडील मुसलमान घरांत मुलें बापास ‘अब्बा’ म्हणतात, तो शब्दहि त्याच गोतांतला. ‘अब्बा’चें लॅटिनांत ‘अब्बास’ झालें, आणि त्यापासून मठाधिपतीस इंग्रजींत ‘ॲबट’, जर्मनींत ‘आप्ट’ व फ्रेंचांत ‘आबे’ हीं नांवें पडलीं.

प्रॉटेस्टंट बंधूंचा प्रश्न त्याच काळीं उभा राहिला, आणि विचारणारा कोणी विरोधक नव्हता. बायबलचें लॅटिन भाषांतर करणारे संत जेरोम यांनीं गलतीकरांस लिहिलेल्या पत्रावरील आपल्या भाष्यांत मोकळेपणानें म्हटलें आहे कीं, एका देवाखेरीज कोणास पिता म्हणूं नये अशी आज्ञा असतां मठांत आपण हें नांव दुसऱ्यास देतों व स्वतः घेतों, तें कोणत्या आधारावर हें उमगत नाहीं. पुढें कांहीं वर्षांनीं मत्तयावरील भाष्यांत त्यांनींच त्याचा उलगडा केला: स्वभावतः पिता असणें वेगळें, आणि आदरानें वा ममतेनें पिता म्हटलें जाणें वेगळें. पौलानेंहि करिंथकरांस लिहितांना आपण शुभवर्तमानाच्या द्वारें त्यांचा बाप झालों असें म्हटलें आहे. प्रभूचा रोख मान मिळविण्यासाठीं पदव्या मिरविणाऱ्यांवर होता, हें त्या अध्यायाचा मागचा-पुढचा भाग वाचला म्हणजे ध्यानांत येतें. तरीहि जेरोम यांचा पहिला प्रश्न पुसून गेला असें आम्हांस वाटत नाहीं. जो जो ही हांक स्वीकारितो त्यानें तो स्वतःस विचारीत राहावा, हेंच बरें.

‘पोप’ हा शब्दहि याच जातीचा. ग्रीक मुलें बापास ‘पापास’ म्हणत. तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या बिशपांस ही पदवी होती. कार्थेजच्या बिशपांसहि त्याच नांवानें पत्रें जात. ती रोमच्या बिशपांपुरतीच असावी असा आग्रह सातव्या ग्रेगरींच्या कारकीर्दींत, १०७५ च्या सुमारास धरला गेला. पूर्वेकडील ग्रीक खेड्यांत मात्र साध्या गांवगुरूस अजूनहि ‘पापास’ म्हणतात. कोंकणी ख्रिस्ती लोकांनीं पोर्तुगीज ‘पापा’ घेऊन ‘पाप सायब’ केलें, आणि गोंधळ नको म्हणून कीं काय, ‘पाप’ या अर्थीं ते ‘पातक’ असाहि शब्द योजितात. मराठीनें इंग्रजांकडून ‘पोप’ घेऊन ती अडचणच टाळली.

तथापि युरोपांतील सर्व लोकांनीं बापाचें नातें पत्करलें असें नाहीं. कित्येकांस धनीपणा अधिक रुचला. लॅटिन ‘दोमिनुस’ म्हणजे घरधनी. त्याचें इटलींत ‘दॉन’ झालें, आणि तेथें धर्मप्रांताच्या सेवेंतील धर्मगुरूस आजहि ‘दॉन’ म्हणतात. मुंबईंत ज्यांच्या नांवाची शाळा प्रसिद्ध आहे, त्या डॉन बॉस्को (१८१५–१८८८) यांचें नांव जॉन. ‘डॉन’ ही त्यांची पदवी. त्याच मुंबईंत पुढें ‘डॉन’ शब्दास जो दुसरा अर्थ चिकटला, त्याचाहि उगम दोमिनुसपाशींच आहे, ही मौज शाळेंतल्या मुलांस कोणी सांगतें कीं नाहीं न कळे. पोर्तुगीजांनीं ‘दों’ ही पदवी राजे व बिशप यांस दिली. पोलंडांत तर धर्मगुरूस ‘क्शोंत्स’ म्हणतात. हा शब्द इंग्रजी ‘किंग’ शब्दाच्या जुन्या जर्मानिक पूर्वजापासून आलेला असून त्याचा पहिला अर्थ राजा किंवा सरदार. महायुद्धामुळें देशोधडीस लागलेले सुमारें पांच हजार पोलिश लोक १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापुराजवळ वळिवडे येथील छावणींत राहत होते, आणि त्यांच्या भाषेंत धर्मगुरूस हाच शब्द आहे. घरदार गमावलेल्या माणसांच्या त्या छावणींत धर्मगुरूस एका परीनें ‘राजे’ म्हटलें जात होतें!

इंग्लंडांत मध्ययुगांत गांवच्या धर्मगुरूस ‘सर’ म्हणत. धर्मक्रांतीनंतर, १५८५ च्या कायद्यानें, कॅथॉलिक धर्मगुरूनें त्या देशांत राहणें हाच राजद्रोह ठरला. तेव्हां पदवी लपवावी लागली व धर्मगुरु साधे ‘मिस्टर’ झाले. ‘फादर’ ही हांक पुढें पुष्कळ काळ संघवासी धर्मगुरूंपुरती होती. ती सर्वांस सरसकट लागली एकोणिसाव्या शतकांत. आणि आयर्लंडांतून पोटासाठीं आलेल्या गरीब कॅथॉलिक मजुरांची संवय हें त्याचें मोठें कारण मानतात. वरून कोणी हुकूम काढून दिलेली ही पदवी नव्हे. ‘मिस्टर’ या शब्दांत ज्यांस ऊब वाटली नाहीं, त्यांनीं ती वापरून वापरून रूढ केली.

फ्रान्समध्यें संघवासी धर्मगुरूस ‘पेर’, म्हणजे बाप, म्हणत. आणि बाकीचे सर्व ‘आबे’. हा ‘आबे’ म्हणजे तोच वाळवंटांतला ‘अब्बा’. पण त्याची पुढें मोठी दुर्दशा झाली. १५१६ सालीं पोप व फ्रान्सचा राजा यांच्यांत करार होऊन मठाधिपति निवडण्याचा हक्क राजाकडे गेला. मग मठांत पाऊलहि न ठेवतां त्याचें उत्पन्न खाणारे ‘आबे’ निपजले, आणि होतां होतां धर्मगुरूचा झगा घालणारा जो तो ‘आबे’ म्हणवूं लागला. ज्यांनीं सर्वस्वाचा त्याग केला, त्यांस मिळालेलें नांव शेवटीं दरबारी वतनदारांच्या कामास आलें.

याच पदवीनें जगप्रसिद्ध झालेला एक पुरुष आपल्या बाजूचा आहे. जोझे कुश्तोदियु द फारिया यांचा जन्म १७५६ सालीं गोव्यांत कांदोळी येथें झाला. आईबापांचें पटेना, म्हणून दोघांनीं वेगळें होण्याचें ठरविलें. आई जोगीण होऊन गोव्याच्या सांता मोनिका मठांत गेली, आणि वडील कायतानु व्हितोरिनु धर्मगुरु झाले. १७७१ सालीं वडील मुलास घेऊन जहाजानें लिस्बनास निघाले व तेथून पुढें रोमला गेले. मुलगाहि रोममध्यें शिकून १७८० सालीं धर्मगुरु झाला. नंतर तो पॅरिसास गेला, राज्यक्रांतीच्या धामधुमींत सांपडला, आणि संमोहनविद्येवरील व्याख्यानांनीं त्यानें नांव मिळविलें. संमोहन हें कोणा अदृश्य प्रवाहाचें काम नसून ज्याचें संमोहन होतें त्याच्याच मनाच्या सूचनाधीनतेचें आहे, हा त्यांचा सिद्धांत पुढें शास्त्रानें मान्य केला. १८१९ सालीं पॅरिसास ते वारले. पणजीस जुन्या सचिवालयाजवळ १९४५ पासून त्यांचा पुतळा उभा आहे. तो पाहणाऱ्या पुष्कळांस ‘आबे’ हें त्यांचें नांवच वाटतें. ते कोणत्याहि मठाचे अधिपति नव्हते. फ्रेंच रिवाजानें धर्मगुरूस जें म्हणतात तें त्यांस म्हणत, इतकेंच.

या कुटुंबाची एक गोष्ट मनांत घोळत राहते. ज्याचा जन्मदाता पुढें धर्मगुरु झाला, त्या मुलानें त्यास काय म्हणावें? स्पॅनिश भाषा असती तर प्रश्नच नव्हता. तींत बाप आणि धर्मगुरु दोघेहि ‘पाद्रे’. परंतु पोर्तुगीजांत घरच्या बापास ‘पाय’ हा शब्द रूढ होत गेला, आणि ‘पाद्रे’ धर्मगुरूकडे राहिला. आपल्या ‘पाद्री’ शब्दाचें वर्म येथेंच आहे. कोंकणच्या किनाऱ्यावर उतरला तो घरांतून आधींच बाहेर पडलेला ‘पाद्रे’. ऐकणाऱ्यानें त्यांत पदवी ऐकली. बाप त्याच्या कानीं पडलाच नाहीं.

म्हणूनच कीं काय, त्या शब्दास आपल्या भाषेंतील जोड द्यावीशी वाटली. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ सालीं रायतूर येथें छापलेल्या ख्रिस्तपुराणांत कथा सांगणारा येतो तो ‘पाद्री गुरु’ म्हणून. गुरु या शब्दानें मराठी श्रोत्यास जें कळावयाचें तें कळलें. पुढें मंगळूरकडील कोंकणींत ‘पाद्रे’स ‘बाब’ हा आदराचा शब्द लागून ‘पाद्र्याब’ झालें. म्हणजे बापास पुन्हां एकदां बाब जोडला. आणि फादर स्टीफन्स यांस तरी आपण ‘फादर’ म्हणतों तें आजच्या संवयीनें. ते इंग्लंडांत जन्मले हें खरें. पण १५७९ सालीं गोव्यास आल्यापासून १६१९ सालीं वारेपर्यंत भोंवतालच्या लोकांस ते ‘पाद्रे तोमाश इश्तेव्हांव’ होते. ज्या देशांत ‘फादर’ म्हणावयाचें, तेथें याच काळांत त्यांच्या जातीच्या माणसास फांशीची भीति होती.

किनाऱ्यावरून हा शब्द फार दूर गेला. जपानांत १५८७ सालीं हिदेयोशीनें ‘बातेरेन’ लोकांस हद्दपार करण्याचा हुकूम काढला. ‘बातेरेन’ म्हणजे जपानी जिभेवरचा ‘पाद्रे’. त्याआधीं सात वर्षें, १५८० सालीं, रुदोल्फ आक्वाविवा व त्यांचे सोबती गोव्याहून अकबराच्या भेटीस फत्तेपूर सिक्रीस पोंचले होते. दरबारचा इतिहासकार बदायुनी याची त्यांजवर बिलकुल मर्जी नव्हती; तरी या फिरंगी पंडितांस ‘पाद्री’ म्हणतात व त्यांच्या श्रेष्ठास ‘पापा’ म्हणतात, एवढी नोंद त्यानें नीट केली आहे. अशा रीतीनें शब्द फारशींत शिरला, फारशींतून उर्दूंत आला. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता व त्या राज्याचा कारभार अखेरच्या काळांत उर्दूंत चाले. तेव्हां वसई-गोव्याकडचा ‘पाद्री’ दर्यावरून आला आणि आपल्याकडचा ‘पाद्रीसाहेब’ बहुधा दरबाराच्या वाटेनें. ‘साहेब’ हें शेपूट त्या वाटेची खूण आहे. इंग्रज शिपायांनींहि हा शब्द येथेंच उचलला. त्यांच्या पलटणींत कोणत्याहि पंथाचा धर्मोपदेशक ‘पाद्रे’ झाला, आणि भारतीय सैन्यांत पंडित, ग्रंथी व मौलवी यांच्या पंक्तीस ‘पाद्रे’ हें नांव अद्याप चालू आहे.

‘फादर’ ही हांक इंग्रजी अमदानींतली. पण ती घेऊन येणारे बहुतेक इंग्रज नव्हते. मुंबई-पुणें मिशन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जर्मन जेझुइटांकडे होतें. मायदेशीं त्यांस ‘पाटर’ म्हणत. अहमदनगर जिल्ह्यांतील खेड्यांत काम करणारे हेच. पहिल्या महायुद्धांत सरकारनें त्यांस शत्रुपक्षाचे म्हणून काढून लाविलें, आणि पुढें मुंबईस स्पेनचे जेझुइट आले. इतिहाससंशोधक हेरास १९२२ सालीं मुंबईस आले ते स्पेनांतले ‘पाद्रे एन्रिके’. सेंट झेवियर कॉलेजांत ते ‘फादर हेन्री’ झाले. मराठवाड्यांत घोगरगांवच्या बाजूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संत फ्रान्सिस द सेल्सच्या संघाचे फ्रेंच मिशनरी आले. ते घरीं ‘पेर’. पाटर, पाद्रे आणि पेर या तिघांसहि आमच्या शेतकऱ्यानें एका ‘फादर’ शब्दांत बसविलें. केरळांतून महाराष्ट्रांत सेवेस आलेल्या धर्मगुरूंस त्यांच्या घरचे लोक ‘अच्चन’ म्हणतात. त्याचाहि अर्थ बापच.

आमच्या प्रॉटेस्टंट बंधूंनीं ‘रेव्हरंड’ व ‘पाळक’ हे शब्द पत्करले. ‘रेव्हरंड’ म्हणजे ज्याचा आदर करावा तो. नारायण वामन टिळकांमुळें तो महाराष्ट्रांत घरोघर पोंचला. ‘पाळक’ हें लॅटिन ‘पास्तोर’, म्हणजे मेंढपाळ, याचें भाषांतर, आणि तें फार चांगलें साधलें आहे. शिरूर नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत अनेक. आपलें शिरूर ‘अनंतपाळ’ या नांवानें वेगळें ओळखतात. त्या नांवाचें मूळ कांहींहि असो, पाळणाऱ्याचा अर्थ येथील कानास परका वाटूं नये.

परंतु सर्वांत उत्तम शब्द मराठी बायबलाच्या भाषांतरकारांच्या हातीं लागला, आणि तो त्यांनीं वेगळ्याच कामीं लाविला. ‘प्रेस्बितेरोस’साठीं त्यांनीं ‘वडील’ हा शब्द योजिला. वडील म्हणजे मुळांत मोठा. प्राकृतांतील ‘वड्ड’चा वंशज. मराठी मनुष्य हाच शब्द बापासहि लावितो. युरोपांतील भाषांस ज्या दोन अर्थांकरितां ‘प्रीस्ट’ आणि ‘फादर’ असे दोन शब्द लागले, ते दोन्ही अर्थ मराठीनें एका शब्दांत पूर्वींच आणून ठेविले होते. मग तो धर्मगुरूस कां लागला नाहीं? आम्हांस वाटतें, याचें कारण सोपें आहे. ‘वडील’ हा उल्लेखाचा शब्द आहे, हांकेचा नव्हे. कोणतेंहि मूल ‘अहो वडील’ म्हणून बापास बोलावीत नाहीं. तें ‘बाबा’ म्हणतें, ‘दादा’ म्हणतें, ‘अण्णा’ म्हणतें. ‘अब्बा’ आणि ‘पापास’ हेहि असेच लहान मुलांच्या तोंडचे शब्द होते. ‘बाबा’ म्हणून मोकळा होणारा आमचा खेडूत, त्यास ठाऊक नसतां, ग्रीक मुलाच्या व आरामी मुलाच्या अगदीं शेजारीं उभा असतो.

लेखनांत आतां ‘धर्मगुरु’ हा शब्द स्थिरावला आहे, बोलण्यांत ‘फादर’. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० सालीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तें संमेलन तेव्हांच्या उस्मानाबादेस, म्हणजे आतांच्या धाराशिवास भरलें होतें. आपला लातूर जिल्हा १९८२ पर्यंत त्याच जिल्ह्याचा भाग. कॅथॉलिक धर्मगुरूस तें आसन मिळावें यास कांहीं ठिकाणांहून विरोधहि झाला. परंतु विरोध करणाऱ्यांच्या तोंडीं, स्वागत करणाऱ्यांच्या तोंडीं आणि वृत्तपत्रांच्या मथळ्यांत त्यांचें नांव ‘फादर दिब्रिटो’ असेंच होतें, आणि २०२४ सालीं ते निवर्तले तेव्हां मराठी वृत्तपत्रांनीं त्याच नांवानें त्यांस निरोप दिला. त्या शब्दाचा मराठी अर्थ कंसांत देण्याची गरज कोणास भासली नाहीं.